पेट्रोल जीपचा डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर टायमिंग कसं लावायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमच्याकडे नाशिकजवळ मखमलाबादला वडिलांच्या काळापासूनची महिंद्राची पेट्रोल जीप आहे, मागे हौदा केलेला, द्राक्षाच्या सीझनला क्रेट आणि एरवी औषधाची टाकी, पाइप, खताच्या गोण्या सगळं तीच वाहते. गेल्या वर्षी तिचा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क पाठवणारा भाग) बदलला आणि त्यानंतर टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडायचा ते, नीट बसेपर्यंत मी जे शिकलो ते इथे सगळं लिहून ठेवतोय, कारण आता पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या ज्या उघडझाप करणाऱ्या स्विचमुळे स्पार्क पडतो तो पॉइंट) गाडीचं काम येणारे मिस्त्री कमी होत चाललेत आणि जे आहेत त्यातले बरेच जण डिस्ट्रिब्युटर हाताने इकडे तिकडे फिरवून, आवाज ऐकून 'झालं, जा घेऊन' म्हणतात.

माझं पहिल्यापासून म्हणणं एकच आहे. टायमिंग आधी बल्बवर लावा, मग जमलं तर टायमिंग लाइटवर बघा, आणि कानाचा वापर सगळ्यात शेवटी करा. कानावर टायमिंग लावायची पद्धत ज्या काळात आली तेव्हा पेट्रोलचा ऑक्टेन कमी होता, टायमिंग जरा पुढे गेलं, म्हणजे स्पार्क लवकर पडला, की इंजिन लगेच नॉकिंग (आतून टकटक) करायचं, म्हणून नॉकिंग येईपर्यंत पुढे न्या आणि मग थोडं मागे घ्या हे जमून जायचं. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल येतं, त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायची ताकद, जास्त आणि आपल्या जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी, साधारण ७ ला १ च्या आसपास, त्यामुळे टायमिंग बरंच ॲडव्हान्स (पुढे) असलं तरी टकटक ऐकूच येत नाही. कानाला सगळं छान वाटतं आणि आत पिस्टन वर येता येताच त्याच्या डोक्यावर दणके बसत असतात.

मी जे आकडे देतोय ते हरिकेन इंजिनाचे आहेत, २.२ लिटर, ४ सिलिंडर, ज्यात इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. हेच इंजिन महिंद्राच्या एफसी-१५० या छोट्या ट्रकमध्येही होतं. तुमची गाडी वेगळी असेल तर पद्धत हीच, आकडे आणि फायरिंग ऑर्डर मात्र तुमच्या इंजिनाची घ्या.

डिस्ट्रिब्युटर खरंच गेलाय का ते आधी बघा

कॅप काढा, रोटर (आत फिरणारा, स्पार्क वाटणारा तुकडा) काढा आणि शाफ्टचं वरचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवून बघा. गोल फिरवताना थोडं मागेपुढे होणं चालतं, पण आडवं हललं, म्हणजे टकटक करत बाजूला सरकलं, तर बुश (शाफ्टचं बेअरिंग) गेला. बुश गेला की शाफ्टवर पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या चारही टोकांवर पॉइंटची गॅप वेगवेगळी येते, म्हणून चार सिलिंडरचं टायमिंग चार तऱ्हेचं होतं आणि मग तुम्ही कितीही सेटिंग करा, गाडी आयडलला डुगडुगतच राहणार. आमच्या जीपला फिलर गेज लावली तर एका टोकावर १२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि समोरच्या टोकावर २० थाऊ, एवढा फरक. बॉडी चांगली असेल तर सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत एखाद्या खरादवाल्याकडून पितळी बुश घालून मिळतो, आणि जुना ओरिजिनल डिस्ट्रिब्युटर असेल तर मी तरी तेच सुचवेन. आमच्याची बॉडीच क्लॅम्पपाशी तडकलेली होती म्हणून बदलावा लागला.

जुना काढायच्या आधी

इथे दहा मिनिटं जास्त गेली तर पुढचे चार तास वाचतात. पहिल्यांदा मोबाइलवर तीन-चार फोटो काढा, वरून एक, बाजूने एक, कॅपवर कुठली वायर कुठे जाते ते दिसेल असा एक. चारही प्लग वायरना चिकटपट्टी लावून नंबर टाका, रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर १ नंबर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

आता इंजिन १ नंबरच्या कॉम्प्रेशनवर टॉपला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर येईल तिथे, आणायचं. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं, १ नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला पुढून हँडल हळूहळू फिरवायला सांगा, समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आमच्याकडे हँडलवर पुतण्या होता आणि मी दर वेळी 'सावकाश, सावकाश' करत होतो. एक फेरी अंगठ्याला काहीच कळत नाही, पुढच्या फेरीला हवा अंगठा ढकलून फुस्स करून बाहेर येते, तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. हवा यायला लागली की पुलीवरच्या खुणेकडे बघा आणि खूण पॉइंटरसमोर आली की थांबा. काही इंजिनांना ही खूण पुढच्या पुलीवर असते, काहींना मागे फ्लायव्हीलवर, बेल हाउसिंगच्या झरोक्यातून दिसते. खूण दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात, पण बहुतेक वेळा ती तेल-मातीच्या थराखाली असते. तारेचा ब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन घासा, सापडली की त्यात स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा व्हाइटनर भरा. नुसत्या खडूपेक्षा तो बराच टिकतो.

या इंजिनात स्पार्क टॉपच्या ५ डिग्री आधी पडायला हवा. पुलीवर फक्त टॉपची खूण असेल आणि ५ डिग्रीची नसेल तर ती स्वतः काढता येते. दोरा पुलीभोवती गुंडाळून घेर मोजा आणि ३६० ने भागा, एक डिग्री किती मिलिमीटर ते कळतं. समजा पुलीचा व्यास १५० मिमी, म्हणजे घेर साधारण ४७१ मिमी, एक डिग्री म्हणजे १.३ मिमी, तर ५ डिग्रीला साडेसहा मिमी. खूण कुठल्या बाजूला करायची ते मात्र नीट समजून घ्या. ५ डिग्री 'आधी' पाहिजे, म्हणजे इंजिन फिरताना ही नवी खूण पॉइंटरसमोर आधी यायला हवी आणि टॉपची खूण तिच्या मागून.

इंजिन टॉपला आलं की कॅप काढून रोटर कुठे तोंड करून उभा आहे ते बघा, १ नंबरच्या वायरीसमोरच असणार. रोटरच्या टोकासमोर डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर एक खूण आणि बॉडीसमोर ब्लॉकवर दुसरी खूण, दोन्ही रंगाने करा. मग क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर सरळ वर ओढा. या गाडीचे नट-बोल्ट इंची असतात, सुती पाने घ्या, मिलिमीटरचा पाना लावून नटाचे कोपरे मारू नका. डिस्ट्रिब्युटर बाहेर आला की भोकावर स्वच्छ कापड कोंबा आणि त्यानंतर इंजिन अजिबात फिरवू नका, हँडलही नाही आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ढकलूही नका.

नवा आणि जुना शेजारी ठेवा

दुकानातून नवा आणला तर बसवायच्या आधी दोन्ही टेबलावर आडवे ठेवून बघा. शाफ्टची लांबी सारखी आहे का, क्लॅम्पची जागा सारखी आहे का आणि सगळ्यात महत्त्वाची ती खालची जीभ. हरिकेन इंजिनात डिस्ट्रिब्युटरला स्वतःचा गिअर नसतो, कॅमशाफ्टवरून ऑइल पंप फिरतो आणि पंपाच्या शाफ्टच्या खाचेत डिस्ट्रिब्युटरची जीभ बसते, आणि ही खाच मधोमध नसून एका बाजूला सरकलेली असते म्हणून डिस्ट्रिब्युटर एकाच तऱ्हेने बसतो. नव्याची जीभ उलट्या बाजूला सरकलेली असेल तर रोटर १८० डिग्री उलटा उभा राहील.

दुसरी गोष्ट फिरण्याची दिशा. या इंजिनात रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतो. दुसऱ्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर दिसायला हुबेहूब असला तरी तो सुलट फिरणारा असू शकतो, आणि मग आतली ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी) चुकीच्या बाजूने काम करतात. रोटर बोटाने त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिरगाळून सोडा, स्प्रिंगने परत यायला पाहिजे. न आला तर वजनं अडकलीत किंवा दिशा उलटी आहे.

ल्युकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला बऱ्याचदा व्हॅक्यूमची डबी असते, ओरिजिनल जीपच्याला ती नसायची. तुमच्या कार्बोरेटरला त्यासाठीची नळी नसेल तर डबी तशीच मोकळी सोडा, मॅनिफोल्डला भोक पाडून जोडायच्या फंदात पडू नका.

पॉइंटची गॅप, आणि ती आधीच का

माझी चूक इथेच झाली होती म्हणून जरा लांबण लावतो. मी डिस्ट्रिब्युटर बसवला, टायमिंग मस्त बल्बवर लावलं, आणि मग लक्षात आलं की गॅप बघायची राहिली, ती नंतर सेट केली आणि गाडी तशीच बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन सप्तशृंगगडाला निघालो, नांदुरीपर्यंत ठीक, पण घाट चढायला लागलो तसा टेम्परेचरचा काटा वर वर, गाडीला उचल नाही, सेकंडला पण रडायला लागली, आणि शेवटी अर्ध्या घाटात सावली बघून गाडी लावली, आईला आणि वहिनीला मागून येणाऱ्या जीपमध्ये बसवून पुढे पाठवलं. गॅप कमी केल्याने पॉइंट उशिरा उघडायला लागले होते आणि सगळं टायमिंग मागे गेलं होतं.

हिशोब असा आहे. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, गॅप कमी केली की टायमिंग मागे येतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट केलं तर टायमिंग परत लावायचंच.

गॅप किती, तर ती इंजिनावर नाही, डिस्ट्रिब्युटरवर ठरते. ओरिजिनल ऑटोलाइट पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला २० थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ल्युकासच्या २५डी४ ला १४ ते १६ थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. ल्युकास बसवून जीपच्या पुस्तकातले २० थाऊ लावले तर पॉइंट कमी वेळ बंद राहतात, कॉइल पुरती भरत नाही आणि स्पार्क अशक्त होतो.

गॅप सेट करताना पॉइंटचा फायबरचा पाय कॅमच्या बरोबर टोकावर पाहिजे. नवा डिस्ट्रिब्युटर अजून टेबलावरच आहे तर शाफ्ट हाताने फिरवून हे सोपं जातं. स्क्रू जरासा सैल करा, फिलरची पात मध्ये घाला, ती ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखी किंचित धरून यायला पाहिजे, मोकळी पण नको आणि अडकायला पण नको, स्क्रू टाइट करा आणि परत मोजा, कारण टाइट करताना गॅप दर वेळी सरकते. नंतर बाकीच्या तीन टोकांवर पण मोजून बघा. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून पातळ थर असतो तो पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर सगळं बरोबर असून गाडी चालू होत नाही आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. कॅमवर तांदळाएवढं ग्रीस, रोटरखालच्या नमद्यावर तेलाचा एक थेंब. जास्त नको, ते उडून पॉइंटवर जातं.

आणि पॉइंटच्या वायरीपाशी जो बारीक प्लॅस्टिकचा वॉशर असतो तो जिथल्या तिथे आहे ना बघा. कंडेन्सरची आणि कॉइलची वायर दोन्ही त्या वॉशरच्या आत, बॉडीला कुठेच न टेकता बसायला पाहिजेत. यातलं काहीही बॉडीला टेकलं की स्पार्क शून्य.

बसवणं

भोकातलं कापड काढा, विसरू नका. नवा डिस्ट्रिब्युटर जुन्या खुणांच्या अंदाजाने आत सोडा, रोटर दोन बोटांत धरून किंचित डावी-उजवीकडे हलवत राहा, जीभ खाचेत सापडली की डिस्ट्रिब्युटर एकदम खाली बसतो आणि तो ठक् असा आवाज हाताला कळतो. पाच-सहा मिलिमीटर वर राहिला असेल तर क्लॅम्प आवळून खाली ओढायचा प्रयत्न करू नका, वरून हातोडी तर अजिबात नको, जीभ नाहीतर बॉडी तुटेल. काढा, रोटर अर्धी फेरी फिरवा, परत घाला. काही ट्रकच्या डिस्ट्रिब्युटरला खाली तिरक्या दातांचा गिअर असतो, तो आत जाता जाता रोटर फिरवतो, म्हणून तिथे रोटर थोडा मागे धरून सोडायला लागतो म्हणजे खाली बसल्यावर खुणेवर येतो.

बसल्यावर रोटर जिथे तोंड करून उभा आहे, कॅपवरची ती जागा १ नंबर. तिथून वायरी घड्याळाच्या उलट दिशेने १-३-४-२ अशा लावत जा. जुन्या फोटोत १ नंबर वेगळ्या जागी दिसत असेल तरी घाबरू नका, कॉम्प्रेशनच्या टॉपला रोटर जिकडे बघतो तोच १ नंबर. मागे कोणी ऑइल पंप काढून दुसऱ्या दातावर बसवला असेल तर रोटर विचित्र कोनात असतो, पण वायरी त्या हिशोबाने सरकवल्या की गाडी चालते. फक्त बॉडी दोन्हीकडे फिरवायला जागा उरली पाहिजे, ती नसेल तर मात्र पंप काढून नीट बसवावा लागेल.

बल्बवर टायमिंग

डॅशबोर्डचा किंवा पार्किंगचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला, म्हणजे जिथे कॉइलची निगेटिव्ह वायर येते तिथे, जुन्या कॉइलवर त्याला सीबी लिहिलेलं असतं, आणि दुसरी वायर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला. कॅप आणि रोटर काढलेले, प्लग अजून बाहेरच, आता बॅटरी परत जोडा.

हँडलने इंजिन फिरवून परत १ नंबरच्या कॉम्प्रेशनवर या, पण या वेळी टॉपला नाही, ५ डिग्रीच्या खुणेवर थांबा. खूण पुढे गेली तर नुसतं मागे आणून थांबू नका, पाव फेरी मागे जा आणि परत पुढे येत थांबा, कारण गिअरमध्ये जो मोकळेपणा असतो तो चालत्या इंजिनात नेहमी एकाच बाजूला असतो आणि तुम्ही उलटं आलात की दोन-तीन डिग्रीचा फरक सहज पडतो.

चावी ऑन करा. पॉइंट बंद असले की बल्ब विझलेला, पॉइंट उघडले की बल्ब पेटतो, आणि पेटतो त्याच क्षणी स्पार्क पडतो. क्लॅम्प इतकाच सैल ठेवा की बॉडी हाताने जोर लावून फिरेल. आता बॉडी रोटरच्या दिशेने, म्हणजे या गाडीत घड्याळाच्या उलट, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग अगदी सावकाश रोटरच्या विरुद्ध, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आणा आणि बल्ब पेटला की तिथेच हात थांबवा, क्लॅम्प आवळा. झालं टायमिंग.

लक्षात ठेवायला एवढंच की बॉडी रोटरच्या विरुद्ध फिरवली की ॲडव्हान्स, रोटरच्या दिशेने फिरवली की रिटार्ड (मागे). आणि हात किती हलवायचा याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे बॉडीचा व्यास ७० मिमी धरला तर तिच्या कडेला नुसता एक मिलिमीटर सरकला की क्रँकवर सव्वातीन डिग्री होतात. बोटभर फिरवून टायमिंग 'बघणाऱ्या' माणसाच्या हातून काय होत असेल ते यावरून समजा.

क्लॅम्प आवळल्यावर परत तपासा, इंजिन दोन पूर्ण फेऱ्या फिरवून त्याच खुणेकडे हळूहळू या आणि बल्ब नेमका खुणेवर पेटतो का बघा. आवळताना बॉडी किंचित सरकतेच, मला तीनदा करायला लागलं. काम होईपर्यंत चावी उगाच ऑन ठेवू नका, पॉइंट बंद असताना कॉइलमधून सतत करंट जातो आणि कॉइल तापते.

चालू करणं

प्लगची गॅप ३० थाऊ करून प्लग बसवा, रोटर, कॅप, वायरी, आणि एअर क्लीनर पण लावा. टायमिंग चुकलं असेल आणि कार्बोरेटरमधून फटका आला तर क्लीनरमुळे ज्वाळा बाहेर येत नाही, उघड्या कार्बोरेटरवर वाकून बघणाऱ्यांच्या भुवया जळलेल्या मी पाहिल्यात. जवळ वाळूची बादली ठेवा.

सेल्फ असेल तर सेल्फच मारा. नवीन टायमिंगवर पहिल्यांदा हँडल मारू नये, टायमिंग पुढे असेल तर हँडल उलटा झटका देतं. डिसेंबरात आमच्याकडे सकाळी गारठ्यात बॅटरी बसली की हँडलशिवाय इलाज नसतो, तेव्हा अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला वेटाळून धरू नका, आणि खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. आमच्या वडिलांचं मनगट याच जीपने मोडलं होतं, थंडीत त्यांचा तो हात अजून दुखतो.

चालू होत नसेल तर लक्षणं बघा. कार्बोरेटरमधून फटके येत असतील तर वायरींचा क्रम चुकलाय किंवा १ नंबर कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टच्या टॉपवर धरला गेलाय, म्हणजे १८० डिग्री उलट. सेल्फ मारताना इंजिन अडकून अडकून फिरत असेल तर टायमिंग फार पुढे आहे. सायलेन्सरमधून भस्सभस्स आवाज आणि गाडी धापा टाकत असेल तर मागे आहे. काहीच होत नसेल तर मधली कॉइलची वायर कॅपमधून काढून, कोरड्या पकडीने ब्लॉकपासून ६-७ मिमीवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, निळा कडक स्पार्क पाहिजे, प्लगच्या भोकांपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब. पिवळा, मरतुकडा असेल तर मी आधी कंडेन्सर बदलून बघतो. आमच्या नव्या डिस्ट्रिब्युटरबरोबर आलेला कंडेन्सर पन्नास-साठ किलोमीटरमध्येच गेला होता, जुन्यातला काढून लावला तो अजून चालतोय, म्हणून जुना डिस्ट्रिब्युटर भंगारात टाकायची घाई करू नका.

टायमिंग लाइट असेल तर

इंजिन गरम होऊ द्या, आयडल ६०० च्या आसपास आणा, व्हॅक्यूमची नळी असेल तर काढून तिचं तोंड बंद करा. लाइटचा क्लिप १ नंबरच्या वायरीवर, बाकी दोन बॅटरीला. आयडल जास्त असेल तर आतली वजनं उघडायला लागतात आणि चुकीचं रीडिंग मिळतं. लाइट मारल्यावर व्हाइटनरची खूण ५ डिग्रीवर जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. ती थरथर नाचत असेल तर बुश किंवा वजनं ढिली आहेत. ॲक्सिलेटर दिला की खूण हळूहळू ॲडव्हान्सकडे सरकायला पाहिजे आणि सोडला की परत यायला पाहिजे. ६०० आरपीएमला ५ डिग्री म्हणजे जवळपास १.४ मिलिसेकंद मिळतात, ३००० ला तेच ५ डिग्री पाचपट लवकर संपतात आणि पेट्रोल जळायला वेळ मात्र तेवढाच लागतो, म्हणून वेग वाढला की स्पार्क आधी पाडावा लागतो आणि ते काम ही वजनं करतात. खूण हललीच नाही तर नुसत्या सुरुवातीच्या टायमिंगने गाडी हायवेला ओढणार नाही.

एक धोका नीट ध्यानात घ्या. टायमिंग लाइटच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो. हात घालू नका, गळ्यात रुमाल-पंचा नको, बाह्या वर दुमडा. नाशिकमधल्या द्वारका चौकाच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मी लाइट हातात घेतला की ते आधी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतात आणि मगच बोलतात.

रस्त्यावर

आता कान वापरा. त्र्यंबक रोडला गर्दी नसेल तेव्हा गाडी पुरती गरम करून टॉप गिअरमध्ये ३०-३५ च्या स्पीडला या आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. गाडीने न अडखळता वेग घेतला आणि आवाज साफ राहिला तर हात लावू नका. फुटाणे फुटल्यासारखी कडकड सतत आली तर एक-दोन डिग्री मागे घ्या, म्हणजे बॉडीवर अर्ध्या मिलिमीटरएवढं. पुढे मात्र नेऊ नका, नॉकिंग येत नाही म्हणजे अजून पुढे जायला जागा आहे असं समजून लोक दहा-बारा डिग्रीवर नेतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथली हवा विरळ असल्याने इंजिन जरा जास्त ॲडव्हान्स खपवून घेतं, तीच गाडी कसारा घाट उतरून खाली गेली आणि भरल्या लोडने परत चढायला लागली की दाट हवेत, तापलेल्या इंजिनावर सुरुवातीच्या चढालाच नॉकिंग सुरू होतं.

घाटातून आल्यावर प्लग काढून बघा, टोकाचा रंग विटकरी-भुरा असेल तर चांगलं. चिनी मातीवर पांढुरके, बारीक वितळल्यासारखे ठिपके दिसले तर टायमिंग परत तपासा.

पाचशे किलोमीटर झाले की कॅप एकदा उघडा. नव्या पॉइंटचा फायबरचा पाय पहिल्या काही दिवसांत घासून बसतो, गॅप कमी होते आणि तिच्याबरोबर टायमिंग मागे येतं. आमच्या जीपची १५ वरून १२ थाऊवर आली होती. गॅप परत १५ केली, बल्ब लावला, आणि डिस्ट्रिब्युटर न हलवता बल्ब पुन्हा बरोबर ५ डिग्रीच्या खुणेवर पेटला.